चूल एक, पाने निराळी

जिच्या हातून घरातल्या सर्वांची पाने वाढली जातात, तिचे स्वतःचे पान बहुधा सर्वांत शेवटी मांडले जाते. मुलांचे डबे, वडीलधाऱ्यांची वेळ, प्रत्येकाची आवडनिवड हे सारे सांभाळून झाले, की पातेल्यात जे उरले असेल ते तिचे जेवण, अशी रीत मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. घर गोव्यातले असो, बेळगावातले असो, की इंदूर-बडोद्याकडचे असो, या रीतीत फारसा फरक आढळत नाही. अशा गृहिणीवर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली म्हणजे एक पेच उभा राहतो. शस्त्रक्रिया एकीच्या जठरावर झालेली असते. स्वयंपाक मात्र पाच माणसांचा करावयाचा असतो. तिचे पान निराळे झाले म्हणून चूलही निराळी मांडावी काय? की घरच्यांच्या सोयीसाठी तिने आपले पथ्य बाजूला सारावे? ही दोन्ही टोके टाळून चालता येते. मात्र त्यासाठी शरीरात नेमके काय बदलले आहे, हे घरातील सर्वांनीच समजून घेतले पाहिजे.

या शस्त्रक्रियांचे मुख्य प्रकार दोन. ‘स्लीव्ह’ या प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळीच्या आकाराची एक अरुंद नळी मागे ठेवतात. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढून टाकलेल्या भागात तयार होत असल्यामुळे भूकही मंदावते. ‘बायपास’ या दुसऱ्या प्रकाराचा पाया अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे शल्यविशारद एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली घातला. त्याच्या आजच्या रूपात जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची इवलीशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. अन्न आतड्याचा पहिला भाग वगळून पुढे जाते; त्यामुळे लोह, कॅल्शियम आणि ब-१२ जीवनसत्त्व यांचे शोषण घटते. थोडक्यात, पूर्वी जे पोट ताटभर जेवण सामावून घेत असे, त्याला आता लहान वाटीभर अन्नही पुरेसे होते. जागा थोडी झाली, पण शरीराची गरज त्या मानाने थोडी झाली नाही. साऱ्या पथ्याचे मर्म या विसंगतीत आहे.

पहिले काही आठवडे तर अन्नाचे रूपच बदललेले असते. आरंभी पातळ पेये, मग दूध-ताकासारखे दाटसर द्रव, त्यानंतर मऊ घोटलेले अन्न, मग मऊ शिजवलेले आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न, असा हा क्रम आहे. प्रत्येक टप्प्याची मुदत शल्यविशारद आणि आहारतज्ज्ञ ठरवून देतात. त्यात घरच्या अंदाजाने बदल करू नये. या काळात स्वयंपाकाचा भार दुसऱ्या कोणी उचलला तर ते सर्वांत उत्तम. परंतु पुढे नेहमीचे अन्न सुरू झाले, की खरा प्रश्न समोर येतो. कारण हे निराळे जेवण महिन्या-दोन महिन्यांचे नसून जन्मभराचे असते.

अशा वेळी दोन स्वयंपाक करण्याचा उत्साह पुष्कळ ठिकाणी दिसतो. तिच्यासाठी वेगळे पातेले, वेगळी भाजी, वेगळी वेळ. हा उत्साह फार दिवस टिकत नाही. दमलेली गृहिणी एके दिवशी दुसरे पातेले चढवतच नाही आणि दोन घास पोळीवर वेळ भागवते. घोटाळा नेमका तेथेच होतो. पोटातील ती थोडकी जागा पोळी-भाताने भरली, तर प्रथिनांना जागा उरत नाही. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, असे सामान्यतः सांगितले जाते. शाकाहारी घरातला हिशेब पाहावा. वाटीभर घट्ट वरणातून सुमारे ७ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीरातून ९, पेलाभर दुधातून ६ ते ७ आणि १०० ग्रॅम चक्क्यातून ८ ते १० ग्रॅम प्रथिने मिळतात. एवढे सारे खाऊनही बेरीज जेमतेम तीस-बत्तीसवर येते. पहिल्या काही महिन्यांत वैद्य प्रथिनांची भुकटी घ्यावयास सांगतात, त्यामागील कारण हेच. ती भुकटी म्हणजे चैन नव्हे.

यावर उपाय दुसऱ्या चुलीचा नाही, एकाच पातेल्यातून वेळीच वाटी काढून ठेवण्याचा आहे. कुकरमधली डाळ घोटली, की पाणी घालण्यापूर्वी दोन पळ्या घट्ट वरण तिच्यासाठी बाजूला काढावे. उरलेल्या डाळीची फोडणी-मसाला घालून सर्वांसाठी आमटी करावी. मुगाची उसळ मऊ शिजवून त्यातली वाटीभर पुरणयंत्रातून काढली, की सालांचा त्रास वाचतो. पिठले हा तर या बाबतीत मोठा गुणी पदार्थ. तेल-तिखट बेताचे ठेवले, की तेच पिठले घरच्यांना भाकरीशी आणि तिला नुसते वाटीत चालते. गोव्याकडील घरात हुमणातला मासळीचा तुकडा काटे काढून, थोड्याच रसासह तिच्या पानात यावा. भात बाकीच्यांनी घ्यावा. चक्का टांगलेला असला, तर साखर घोटून इतरांसाठी श्रीखंड करण्यापूर्वी तिचा वाटा काढून त्यात मीठ आणि जिरेपूड घालावी. इंदूरच्या घरात सकाळी पोहे-जिलबीचा बेत असला, तर तिच्यासाठी मुगाचे एक लहान धिरडे करावे. आणि आठवड्यातून दोन दिवस ते सर्वांनीच खाल्ले, तर कोणाचेच नुकसान नाही.

जे पानात वाढावयाचे, त्याचा क्रमही बदलावा लागतो. आपल्या जेवणाची सुरुवात वरण-भाताने होते आणि शेवट ताकाने. तिने आधी प्रथिनांचा पदार्थ, मग भाजी आणि जागा उरलीच तर शेवटी घासभर भात किंवा पोळीचा तुकडा घ्यावा. मऊ पोळी आणि चिकट भात नीट चावला न गेल्यास गोळा होऊन अडकल्यासारखा वाटतो. म्हणून घास लहान आणि चावणे सावकाश. जेवणाला वीस ते तीस मिनिटे द्यावीत आणि पोट भरल्याची पहिली जाणीव होताच हात आखडता घ्यावा. पानाशेजारचा तांब्या-भांडेही तिच्यापुरते दूर ठेवावे. पाणी जेवताना प्यावयाचे नाही; जेवणानंतर अर्ध्या तासाने प्यावयाचे आणि मग दिवसभर घोट-घोट घेत राहावयाचे. जेवणाअखेरचे ताकही त्याच नियमात बसते.

स्वयंपाक करताना चव पाहण्याची सवय ही आणखी एक अडचण. चमचा-चमचा करता करता इवल्या पोटाचा बराच भाग भरून जातो आणि जेवणाच्या वेळी जेवण जात नाही. परंतु नैवेद्याचा स्वयंपाक मराठी स्त्रिया चव न पाहताच करीत आल्या आहेत. मीठ हाताला ठाऊक असते आणि आमटीचा वास तिची तऱ्हा सांगतो. तीच हातोटी रोजच्या स्वयंपाकात वापरावी, किंवा चव पाहण्याचे काम घरातल्या दुसऱ्या माणसाकडे सोपवावे.

खरी कसोटी मात्र पातेल्यापेक्षा माणसांच्या बोलण्यात आहे. “एवढंसं खाऊन कसं चालेल गं?” असे सासूबाई मायेनेच म्हणतात आणि आणखी एक डाव पानात पडतो. आग्रह हे आपल्याकडे प्रेमाचेच दुसरे नाव. त्यातच पानात टाकू नये हा लहानपणापासूनचा संस्कार. या दोहोंच्या कात्रीत सापडलेली सूनबाई नको असलेला घास गिळते आणि तासभर कळा सोसते, किंवा तिला उलटी होते. म्हणून वाढणाराने हात आवरावा आणि तिने लहान वाटीत थोडेच घ्यावे. त्याचप्रमाणे कणीकही नव्या मापाने मळावी. जुन्या अंदाजाने भिजवली, तर दोन पोळ्या रोज उरतात आणि वाया जाऊ नयेत म्हणून त्या खाण्याची जबाबदारी फिरून तिच्याकडेच येते. अन्न वाया न घालवण्याची जागा परातीत आहे. तिच्या पोटात नव्हे.

याची दुसरी बाजूही विसरता कामा नये. आईचे पथ्य हे मुलांचे पथ्य नव्हे. वाढत्या वयाच्या मुलांना पोळी, भात, तूप यांची गरज असते आणि त्यांचे ताट भरलेलेच असावे. तळण आणि गोडधोड घरात बेताचे झाले तर सर्वांनाच हितकर. पण एकाच्या शस्त्रक्रियेची शिक्षा साऱ्या घराला होता कामा नये.

सणासुदीला अधिक जपावे लागते. बायपास झालेल्या माणसाने जिलबी किंवा लाडू भरभर खाल्ला, तर साखर एकदम आतड्यात उतरते आणि थोड्याच वेळात धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब असा त्रास होऊ शकतो. दिवाळीच्या फराळात चवीपुरता तुकडाही जेवणानंतर, सावकाश आणि वैद्यांना विचारूनच घ्यावा. उपासाच्या साबुदाण्यात पिष्ट पुष्कळ आणि प्रथिने जवळजवळ नाहीत. शिवाय दिवसभराच्या उपाशीपणात औषधे आणि पाणी दोन्ही चुकतात. पथ्य पाळणाऱ्या देहाला उपासातून सूट घेण्यात कोणतेही पाप नाही.

शेवटी, जेवणाइतकीच महत्त्वाची गोष्ट औषधांची. ब-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या वैद्यांच्या सल्ल्याने जन्मभर घ्याव्या लागतात. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी न घेता मध्ये दोन तासांचे अंतर ठेवावे. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. ठरलेल्या वेळी रक्त तपासून घ्यावे. उलट्या थांबत नसतील, तर घरगुती उपायांत दिवस न घालवता रुग्णालय गाठावे. कारण अशा वेळी थायामिन हे जीवनसत्त्व झपाट्याने कमी होऊन मज्जासंस्थेला कायमची इजा होऊ शकते.

हे सारे पाहिले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. या शस्त्रक्रियेनंतर स्वयंपाकघरात बदलावयाचे ते मुख्यतः पदार्थ नव्हेत, तर पाळी. सर्वांचे आटोपल्यावर उरल्यासुरल्यावर जेवणे ही रीत निरोगी स्त्रीलाही हिताची नव्हती. शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीला ती घातक आहे. तिची वाटी पातेल्यातून सर्वांच्या आधी निघावी आणि तिचे पान सर्वांच्या बरोबर मांडले जावे. मग चूल एकच राहील आणि तिच्यावर शिजलेले अन्न, रांधणाऱ्या हातांसकट, साऱ्या घराला पोसेल.