पिंजऱ्यातील धोका : हिंस्र पशूंच्या खेळांचा इतिहास

हिंस्र पशूंचे खेळ म्हटले की सर्कशीचा तंबू डोळ्यांसमोर येतो. पण पशूच्या हिंस्रतेचे प्रदर्शन मांडण्याची परंपरा सर्कशीहून फार जुनी आहे. इ. स. 80 मध्ये रोममधील कलोसियमच्या उद्घाटनाच्या खेळांत सुमारे 9,000 पशू मारले गेले, असे इतिहासकार डिओ कॅसियस लिहितो. आकडा फुगवलेला असेल. वृत्ती मात्र स्पष्ट आहे. तेथे पशू मरण्यासाठीच आणला जाई. सर्कशीला तोच पशू दुसऱ्या दिवशीही हवा असतो. त्यामुळे धोका दिसला पाहिजे पण घडता कामा नये, हा या व्यवसायाचा मूळ पेच ठरला.

एकोणिसाव्या शतकात आयझॅक व्हॅन अँबर्ग हा अमेरिकन खेळाडू सिंहाच्या जबड्यात डोके घालून दाखवी. 1839 मध्ये राणी व्हिक्टोरियाने लंडनमध्ये त्याचा खेळ पुनःपुन्हा पाहिला. त्याचे तंत्र मारहाणीचे होते. पुढे इंग्लंडमधील फिरत्या पशुसंग्रहांनी तरुण मुलींना ‘सिंहराणी’ म्हणून पिंजऱ्यात उतरवले. 1850 मध्ये चॅटम येथे अशाच एका 17 वर्षांच्या मुलीला वाघाने ठार केले.

मारहाणीला पर्याय शोधला तो हँबुर्गच्या कार्ल हागेनबेक या पशुव्यापाऱ्याने. प्रत्येक जनावराचा स्वभाव पारखावा, शिकण्याजोगे तेवढेच निवडावे आणि जमलेल्या कृतीबद्दल मांसाचा तुकडा द्यावा, ही त्याची रीत. येथे एक विसंगती उद्भवते. जनावर शांतपणे काम करू लागले, तर प्रेक्षक तिकीट कशासाठी काढील? म्हणून डरकाळी आणि पंजा उगारणे हेही शिकवले जाऊ लागले. यामागील तत्त्व स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर याने उलगडून दाखवले. माणूस ठरावीक अंतराच्या आत आला की पशू मागे सरतो. मागे वाट नसताना माणूस आणखी जवळ आला, तर तो चालून येतो. रिंगमास्टर या सीमेवर पुढेमागे होत असतो. प्रेक्षकांना जो हल्ला वाटतो, तो पुष्कळदा या हालचालीला मिळालेला प्रतिसाद असतो. अर्थात त्यात अंदाज एकदाच चुकला तरी पुरे.

भारतीय सर्कशीचा आरंभ महाराष्ट्राशी निगडित आहे. इटालियन सर्कसवाले ज्युझेप्पे कियारिनी मुंबईत आले असता त्यांचे खेळ पाहून विष्णुपंत छत्रे यांनी 1880 मध्ये स्वतःची सर्कस उभारली. छत्रे मूळचे अश्वविद्येतील जाणकार. बंगालमध्ये प्रियनाथ बोस यांच्या सर्कशीत सुशीलासुंदरी वाघांबरोबर खेळ करीत. पुण्याचे दामू धोत्रे तर जागतिक कीर्तीला पोहोचले. आल्फ्रेड कूर या फ्रेंच प्रशिक्षकाबरोबर ते 1940 मध्ये अमेरिकेतील रिंगलिंग सर्कशीत गेले. बिबटे, जग्वार, प्यूमा असे भिन्न जातींचे पशू एकाच पिंजऱ्यात खेळवणे हे त्यांचे वैशिष्ट्य. परस्परांचे वैरी असलेले हे पशू एकमेकांवर तुटून पडू नयेत, याकडे लक्ष देणे हीच तेथे खरी कसोटी असे. धोत्र्यांचे कौशल्य मान्य करावे; पण त्या पशूंनी हे जीवन निवडले नव्हते, हेही नजरेआड करू नये.

भारतात हा प्रश्न अखेर न्यायालयात गेला. केंद्र शासनाने 1998 च्या अधिसूचनेद्वारे वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल व माकड यांचे खेळ बंद केले. सर्कसचालकांनी उपजीविकेचा मुद्दा मांडला, परंतु 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. पिंजऱ्यात जन्मलेल्या या पशूंना जंगलात सोडणे शक्य नव्हते. त्यांच्यासाठी बन्नेरघट्टा, तिरुपती आदी ठिकाणी बचाव केंद्रे उभारण्यात आली. सर्कशीतील अनेक सिंह आफ्रिकी व आशियाई वंशांच्या संकरातून जन्मले होते. त्यामुळे त्यांना प्रजननासाठी वापरले नाही. केंद्रांत त्यांचा सांभाळ झाला तो आयुष्य संपेपर्यंत.