लक्ष्यवेध : एकपट ते सहापट

मागच्या आठवड्यात आपण रेड डॉट पाहिला. खोलीच्या लांबीएवढ्या अंतरावर त्याच्याइतकं चपळ साधन दुसरं नाही. पण २ एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) ठिपका १५० मीटरवर जवळपास ९ सेंटिमीटर जागा झाकतो. बशीएवढा लोखंडी पत्रा ठेवला, तर त्याची निम्म्याहून जास्त रुंदी ठिपक्याखाली जाते. म्हणून आज पॉवर कमी-जास्त करता येणारे, एकपटीपासून सुरू होणारे स्कोप : १-४×२४, १-६×२४, १-८×२४.

हे स्कोप लोकप्रिय होण्यात अमेरिकेतल्या थ्री-गन स्पर्धांचा वाटा मोठा आहे. पिस्तूल, शॉटगन आणि रायफल घेऊन वेळेशी झुंजत खेळायचा हा प्रकार. रायफल हातात आली की आधी पाच-दहा मीटरवरची पुठ्ठ्याची लक्ष्यं आणि लगेच दोन-तीनशे मीटरवरचे लोखंडी पत्रे. तिथल्या टॅक्टिकल गटात रायफलवर एकच ऑप्टिक लावता येतं, त्यामुळे जवळचं आणि लांबचं दोन्ही त्याच नळीतून साधावं लागतं. पुढे सैन्यानंही हाच रस्ता धरला. यूएस मरीन कोअरनं २०२० मध्ये १-८×२८ स्कोप निवडला, तर अमेरिकी लष्करानं २०२२ मध्ये आपल्या नव्या रायफलींसाठी व्होर्टेक्सचा १-८×३०. युरोपात हाकाऱ्याच्या रानडुक्कर शिकारीसाठी १-४ आणि १-६चे स्कोप वापरतात, कारण जनावर झाडीतून धावत, अगदी जवळून आडवं जातं.

दुकानात गेल्यावर बहुतेकांची नजर मोठ्या आकड्यावर जाते. सहापेक्षा आठ चांगला, आठपेक्षा दहा. मला ही निवडीची पद्धतच उलटी वाटते. ३०० मीटरवरचं लक्ष्य ६ पटीत पाहिलं की ते नुसत्या डोळ्याला ५० मीटरवर दिसावं तेवढं दिसतं. मधल्या अंतरासाठी तेवढं पुरतं. खरी परीक्षा खालच्या आकड्याची, म्हणजे १ची आहे.

ती परीक्षा दुकानाच्या दारातही करता येते. स्कोप १ वर ठेवा, दोन्ही डोळे उघडे ठेवून समोरच्या दाराची चौकट बघा. चौकटीची उभी रेघ नळीच्या आत आणि बाहेर सलग दिसली पाहिजे. रेघ कडेला वाकत असेल किंवा आत गेल्यावर जाडी बदलत असेल, तर तो स्कोप नावालाच एकपटीचा. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं मिळतात आणि घाईत नेम लावताना मेंदू अडखळतो. ही परीक्षा घेण्याआधी मात्र मागचं डायॉप्टरचं कडं लावून घ्या : कोऱ्या भिंतीकडे क्षणभर बघायचं, रेटिकल, म्हणजे नेमाची खूण, धारदार दिसेपर्यंत कडं फिरवायचं. ज्यांच्या डोळ्यांत ॲस्टिग्मॅटिझम आहे, त्यांना रेड डॉटचा ठिपका फुटलेला दिसतो. काचेवर कोरलेलं रेटिकल त्यांना सहसा स्वच्छ दिसतं. एवढ्या एका कारणासाठीही हा स्कोप घ्यायला हरकत नाही.

आता ×२४ या आकड्याकडे या. हा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. त्याला पॉवरनं भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ४ पटीला ६ मिलिमीटर, ६ पटीला ४, ८ पटीला ३, १० पटीला फक्त २.४. हे डोळ्यांनी बघता येतं. स्कोप ६ पटीवर ठेवून हातभर लांब धरा, उजळ आकाशाकडे रोखा (सूर्याकडे चुकूनही नको). मागच्या भिंगात एक पांढरी चकती दिसेल. तिला पट्टी लावा, साधारण ४ मिलिमीटर भरेल. डोळ्याची बाहुली या चकतीच्या आत असली तरच पूर्ण चित्र दिसतं, जरा सरकली की कडेनं काळी सावली येते. आता १० पटीच्या चकतीत, गुडघा टेकून, धापा टाकत, डोळा नेमका बसवायचा विचार करा. शिवाय उन्हात बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडते, पण संध्याकाळी ती पाच किंवा त्याहून जास्त उघडते. तेव्हा २.४ मिलिमीटरचा झोत अपुरा पडतो आणि चित्र मंद होतं. मोठ्या आकड्याची ही किंमत जाहिरातीत छापत नाहीत.

रेटिकल कुठे बसवलंय हा पुढचा प्रश्न. फर्स्ट फोकल प्लेनमध्ये रेटिकल चित्राबरोबर लहान-मोठं होतं, त्यामुळे खुणांचं माप प्रत्येक पॉवरला खरं. पण १ पटीला त्याच खुणा केसासारख्या बारीक होतात आणि सगळी भिस्त रेटिकलच्या लाल उजेडावर राहते. सेकंड फोकल प्लेनमध्ये रेटिकल कायम तेवढंच दिसतं, पण खुणांचं माप एकाच पॉवरला, बहुधा सर्वात मोठ्या पॉवरला, बरोबर असतं. ६ पटीला जी खूण २ मिलची (मिल हेही कोनाचं माप), तीच ३ पटीला ४ मिलची होते. १-६ मध्ये मी सेकंड फोकल प्लेनच्या बाजूनं आहे. लांबच्या नेमाला कडं तसंही सहावरच जातं आणि जवळच्या नेमाला ठळक रेटिकल हवं. ८ किंवा १० पटीचा घ्यायचाच असेल, तर फर्स्ट फोकल प्लेन, कारण तिथे मधल्या पॉवर जास्त वापरल्या जातात. रेटिकलचा उजेड भर दुपारच्या उन्हात पांढऱ्या भिंतीसमोर तपासा. दुकानात सगळेच ठिपके झगमगतात.

एक गोष्ट जवळच्या अंतरावर हमखास फसवते. एआर पद्धतीच्या रायफलवर स्कोपचा मध्य बंदुकीच्या नळीच्या मध्यापेक्षा साधारण साडेसहा सेंटिमीटर वर असतो. ५० मीटरवर झिरो केलेली, म्हणजे तिथे नेम जुळवलेली, .२२३ रायफल ५ मीटरवर जवळजवळ ६ सेंटिमीटर खाली मारते. पुढे गोळी नजरेच्या रेषेच्या पाच-सहा सेंटिमीटर वर जाते, २०० मीटरच्या थोडं पुढे पुन्हा रेषेला मिळते आणि ३०० मीटरवर साधारण वीतभर खाली असते. म्हणूनच ५० मीटरचा झिरो अशा स्कोपला शोभतो. २०० मीटरपर्यंत टरेटला, म्हणजे नेम जुळवायच्या बटणाला, हात लावावा लागत नाही.

हे सारं वाचून भारतातल्या वाचकांनी लगेच खरेदीला निघू नये. अशा सेमी-ऑटोमॅटिक रायफली आपल्याकडे सामान्य परवान्यावर मिळत नाहीत आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत तर स्कोपच चालत नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं, ते पीप साइटमधून. ज्यांच्याकडे स्प्रिंगची एअर रायफल आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवावं : या १-६ स्कोपांचा पॅरलॅक्स (डोळा सरकला की रेटिकल लक्ष्यावरून हललेलं दिसणं) बहुधा १०० मीटरच्या आसपास बांधलेला असतो, म्हणून १० मीटरवर मोठ्या पॉवरला चित्र धूसर दिसतं. शिवाय स्प्रिंग रायफल आधी मागे आणि मग पुढे झटका देते, तो साध्या स्कोपला सोसत नाही. एअर रायफलसाठी म्हणून बनवलेला, १० मीटरपर्यंत पॅरलॅक्स जुळवता येणारा स्कोप घ्या.

परदेशात राहून रेंजवर जाणाऱ्या, ३०० मीटरच्या आत खेळणाऱ्या वाचकांना माझा सल्ला १-६×२४चाच : स्वच्छ एकपट, उन्हात टिकणारा उजेड आणि वजन सहाशे ग्रॅमच्या आत. वाचलेले पैसे माउंट आणि गोळ्यांवर खर्च करा. आणि एक विनंती. रेंजवर लांबचा पत्रा किंवा माणूस बघायला रायफलवरचा स्कोप वापरू नका. स्कोप जिकडे वळतो तिकडे बंदुकीची नळीही वळते. त्यासाठी साधी दुर्बीण गळ्यात ठेवा.