*बॅटरीवरचा सेन्सर दुसऱ्याचा निरोप पुढे देत नाही*



बागेत ओलावा मोजणारे वायरलेस सेन्सर घ्यायचे असतील तर हा मेसेज आधी वाचा. कोटेशनवर 'मेश नेटवर्क' लिहिलेलं असतं आणि विक्रेता सांगतो, "सगळे सेन्सर एकमेकांशी बोलतात." हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं न समजता पैसे भरले, तर ऐन पाण्याच्या ताणात मोबाईलवर चार दिवसांपूर्वीचाच आकडा दिसत राहील.

मेश म्हणजे स्लॅब टाकतानाची माणसांची रांग. घमेलं हातोहात पुढे जातं. पण इथे प्रत्येक यंत्र घमेलं उचलत नाही. झिगबी या पद्धतीत कामं अशी वाटलेली असतात:

*१) कोऑर्डिनेटर:* हा मुकादम. एका जाळ्यात एकच. जाळं हाच उभं करतो. बहुतेक वेळा तो गेटवेच्या डब्यातच असतो. सिमकार्ड किंवा वायफाय त्या डब्यालाच लागतं.

*२) राउटर:* हा घमेलं पुढे देणारा गडी. इतरांचे निरोप पोहोचवायचे म्हणून तो कायम जागा राहतो. त्याला चोवीस तास वीज हवी.

*३) एंड डिव्हाइस:* हा सेलवरचा सेन्सर. बहुतेक वेळ झोपलेला. ठरल्या वेळी उठतो, आपल्या एका 'पालक' यंत्राला (जवळचा राउटर किंवा कोऑर्डिनेटर) आकडा देतो, "माझ्यासाठी काही निरोप?" विचारतो आणि परत झोपतो. म्हणूनच सेल दीर्घकाळ टिकतो. पण दुसऱ्याचा निरोप तो पुढे देत नाही.

म्हणजे वीस सेन्सर घेतले आणि राउटर एकही नसला, तर ते जाळं नव्हे. प्रत्येक सेन्सरला थेट गेटवेपर्यंत पोहोचावं लागेल. लांबच्या टोकाचे पोहोचणार नाहीत.

*गडबड कुठे होते?*

⚡ राउटर शेतीपंपाच्या पेटीतून जोडला जातो. ती लाईन दिवसातून काही तासच असते. लाईन गेली की राउटर बंद, आणि त्याच्यावर अवलंबून असलेले सेन्सर नवा पालक शोधत बसतात. त्या शोधात सेल लवकर उतरतात. आपण म्हणतो सेन्सर खराब निघाला. खरं दुखणं राउटरच्या विजेचं असतं. राउटरला स्वतंत्र सोलर पॅनेल आणि बॅटरी घ्या, तीही पावसाळ्यातले ढगाळ दिवस धरून.

🌿 झिगबी साधारणपणे २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. पाण्याने भरलेला पाला या लहरी अडवतो. छाटणीनंतर मोकळ्या बागेत मिळालेली रेंज पाला भरल्यावर मिळत नाही. राउटर पिकाच्या पूर्ण उंचीच्या वर, खांबावर बसवा.

🚰 सेलवरचा व्हॉल्व्ह झोपलेला असेल तर 'बंद कर' हा आदेश त्याला लगेच मिळत नाही. पालक राउटर असा निरोप साधारणपणे काही सेकंदच सांभाळतो. म्हणून व्हॉल्व्ह किती वेळाने उठतो, हे आधी विचारा.

*पैसे देण्याआधी तीन गोष्टी करा:*
✅ कोटेशनवर राउटर किती आणि कोणत्या विजेवर, ते वेगळं लिहून घ्या.
✅ एक राउटर बंद पडला तर निरोपाला दुसरी वाट आहे का, विचारा.
✅ बसवणाऱ्यासमोर एक राउटर बंद करा. थोडा वेळ थांबून सगळ्या सेन्सरचे नवे आकडे येतात का, बघा. मगच शेवटचा हप्ता द्या.

विक्रेता लोराचं यंत्र देत असेल तर हिशेब वेगळा. त्याच्या नेहमीच्या मांडणीत सेन्सर थेट गेटवेशी बोलतो, मधे राउटर लागत नाही. तेव्हा यंत्र कोणत्या पद्धतीचं आहे, हा पहिला प्रश्न.

कोटेशन हातात आलं की सही करण्याआधी त्याचा फोटो या नंबरवर पाठवा. आपण मिळून तपासू.