शेजारच्या खोलीतील दफ्तर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोजच्या दहाव्या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार संपला आणि वर्षानुवर्षे इमानाने चाललेले संगणक बाजूला सारून पुष्कळ घरांत नवे लॅपटॉप आले; त्या नव्या यंत्रांबरोबर एक जुनी तक्रारही घरोघर नव्याने उद्भवलेली दिसते. एका वाचक भगिनींनी लिहिले आहे, की दिवाणखान्यात राउटरला जोडून ठेवलेल्या, ज्यांना जाणकार ‘नॅस’ म्हणतात अशांपैकी एका हार्डडिस्कवर कुटुंबाची बारा वर्षांची छायाचित्रे साठवलेली आहेत, जुन्या संगणकावर ती टिचकीसरशी उघडत, नव्या लॅपटॉपवर मात्र ‘नेटवर्कचा मार्ग सापडला नाही’ एवढेच उत्तर येते. डिस्कवरचा हिरवा दिवा लुकलुकतो आहे, इंटरनेट सुरळीत चालू आहे, आणि तरीही भिंतीपलीकडची दहा पावलांवरची वस्तू हाती लागत नाही. तेव्हा डिस्क निकामी झाली असे समजावे काय, हा त्यांचा प्रश्न आहे.

तसे समजण्याचे कारण नाही. दिवा लुकलुकत असेल तर डिस्क बहुधा धडधाकट असते. अपुरे असते ते संगणकाने दिलेले उत्तर. कारण शेजारच्या यंत्रातील एखादा फोल्डर उघडणे ही आपल्याला एकच क्रिया वाटत असली, तरी वस्तुतः ती पाच निरनिराळ्या चौकशांची मालिका असते आणि त्यांपैकी कोणत्याही चौकशीत अर्ज अडला, तरी आपल्यासमोर येणारा नकार पुष्कळदा एकाच ठोकळेबाज शब्दांत येतो.

ही मालिका ध्यानात यावी म्हणून पुण्याच्या पेशवे दफ्तराची आठवण करावी. रुमालांत बांधलेल्या त्या अफाट कागदांमधून गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. अशा दफ्तरातील एखादा कागद पाहू इच्छिणाऱ्या अभ्यासकाला प्रथम त्या इमारतीपर्यंत पोहोचणारी वाट हवी. मग नेमकी कोणती इमारत ते ठाऊक हवे. कागद मोडीत असल्यामुळे मोडी वाचता आली पाहिजे. आपण कोण याची तेथील अधिकाऱ्यांकडे रुजुवात झाली पाहिजे. आणि एवढे सगळे होऊनही तो विशिष्ट रुमाल सोडण्याची मुभा मिळाली पाहिजे. वाट, नाव, लिपी, ओळख आणि मुभा असे हे पाच टप्पे होत. घरातील नेटवर्कवरही नेमके हेच पाच टप्पे आहेत, आणि त्यांचा क्रम न मोडता एकेकाची खातरजमा करीत जाणे यापलीकडे दुरुस्तीचे दुसरे शास्त्र नाही.

पहिली वाट. आजकालचे राउटर घरच्या मंडळींसाठी एक आणि पाहुण्यांसाठी एक अशी दोन वायफाय नावे देतात, आणि पाहुण्यांच्या वायफायवरून इंटरनेट मिळत असले तरी घरातील इतर यंत्रे मुद्दामच दिसू दिली जात नाहीत. नवा लॅपटॉप जोडताना घाईत तेच नाव निवडले गेले, तर डिस्क कधीच सापडणार नाही. फायबरवाल्याने बसवलेल्या राउटरच्या मागे आपला जुना राउटर जोडलेला असला, तर एका घरात दोन स्वतंत्र नेटवर्के नांदू लागतात. याची परीक्षा सोपी आहे: दोन्ही यंत्रांचे आयपी पत्ते पाहावेत, घरगुती मांडणीत त्यांचे पहिले तीन आकडे, उदाहरणार्थ १९२.१६८.१, बहुधा सारखे असतात, आणि १६९.२५४ ने आरंभ होणारा पत्ता दिसला तर त्या यंत्राला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही असे खुशाल समजावे. त्यानंतर ‘पिंग’ करून पाहावे. मेरीलँडमधील अमेरिकन सैन्याच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करणाऱ्या माइक म्यूस या संशोधकाने डिसेंबर १९८३ मध्ये एका संध्याकाळी हा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि पाणबुडीचा शोध घेणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला हे नाव दिले. प्रतिध्वनी आला तर वाट मोकळी आहे हे निश्चित. परंतु प्रतिध्वनी न येणे हा वाट बंद असल्याचा पुरावा नव्हे, कारण विंडोजने त्या नेटवर्कची नोंद ‘पब्लिक’ अशी केली असेल, तर फायरवॉल अशा हाकेला उत्तरच देऊ देत नाही. घरच्या नेटवर्कची नोंद ‘प्रायव्हेट’ अशी करणे हा यावरचा योग्य उपाय आहे. फायरवॉलच बंद करून टाका हा सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे पाहुणा आत येत नाही म्हणून घराचे दार उखडून टाकण्यासारखे आहे.

दुसरे नाव. ‘नेटवर्क’ या खिडकीत डिस्कचे चित्र न दिसणे आणि डिस्क नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती खिडकी म्हणजे केवळ सूचनाफलक होय. जुन्या पद्धतीत नेटवर्कवरील यंत्रे आपसांत निवडणूक घेऊन एकाला फलक सांभाळण्याचे काम देत, प्रत्येक यंत्र साधारणतः दर १२ मिनिटांनी आपली हजेरी लावी, आणि तीन हजेऱ्या चुकल्यावरच त्याचे नाव पुसले जाई. त्यामुळे बंद केलेला संगणक अर्धा तास फलकावर जिवंत दिसे. ही फलकाची व्यवस्था ज्या जुन्या नियमावलीवर उभी होती ती नियमावली काढून टाकल्यावर फलकही गेला, आणि डिस्क जागेवर असूनही खिडकी रिकामी दिसू लागली. म्हणून फलकाकडे पाहत न बसता पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघांपुढे डिस्कचा आकड्यांतील पत्ता लिहावा. आकड्याने उघडले आणि नावाने उघडले नाही, तर दोष केवळ नावाचा आहे हे सिद्ध होते.

तिसरा टप्पा लिपीचा, आणि आमच्या वाचक भगिनींसारख्यांची खरी अडचण येथेच असते. फाइली देण्याघेण्याची ‘एस.एम.बी.’ ही नियमावली १९८० च्या दशकाच्या आरंभी आय.बी.एम. मध्ये बॅरी फायगेनबाउम यांनी रचली. आरंभी तिला त्यांच्याच नावाची आद्याक्षरे होती. दोन यंत्रांची गाठ पडताच पहिले यंत्र आपल्याला येणाऱ्या रूपांची यादी पुढे करते आणि दुसरे त्यांतील एक निवडते. या रूपांना मूळ दस्तऐवजांतही ‘बोली’ याच अर्थाचा शब्द योजलेला आहे. पहिल्या बोलीत शंभराहून अधिक आज्ञा साठल्या होत्या, दुसऱ्या बोलीत त्या १९ वर आणल्या गेल्या. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने पहिल्या बोलीच्या विंडोजमधील मांडणीतल्या एका छिद्रातून शिरकाव करून सुमारे १५० देशांत थैमान घातले आणि ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेची रुग्णालयेही त्यातून सुटली नाहीत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून विंडोजच्या नव्या प्रतींतून ती बोली क्रमाक्रमाने काढली गेली. जुनी डिस्क मात्र तीच बोलत राहिली. ‘जुनी बोली पुन्हा चालू करा’ असे सांगणारे हितचिंतक पुष्कळ भेटतात. माझा त्याला स्पष्ट विरोध आहे, कारण डिस्कला नवी बोली शिकवता येते की नाही हे आधी पाहणे आपले कर्तव्य आहे.

या बोलीचा विषय निघाला की मला अँड्र्यू ट्रिजेल यांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही, आणि मोठमोठ्या कंपन्यांच्या कर्तबगारीच्या कथांत ज्यांना दोन ओळींचीही जागा मिळत नाही अशा या माणसाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला अगत्याचे वाटते. १९९१ च्या अखेरीस ते कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएच.डी. चे विद्यार्थी होते. आपल्या डॉस संगणकावरून विद्यापीठातील युनिक्स यंत्राच्या डिस्कपर्यंत त्यांना पोहोचायचे होते. पलीकडे कोणती बोली बोलली जाते याचा मसुदा त्यांच्या हाती नव्हता. तेव्हा त्यांनी तारेवरून जाणारी पाकिटे टिपून घेतली, कोणत्या प्रश्नाला कोणते उत्तर येते ते पाहिले, आणि ऐकलेल्या संवादावरून उत्तरे देणारा प्रोग्रॅम रचला. २००३ साली लिहिलेल्या एका टिपणात त्यांनी या रीतीला फ्रेंच उपाहारगृहाची उपमा दिली आहे: शब्दकोश नाही, शिक्षक नाही, अशा वेळी तेथे जाऊन बसावे, गिऱ्हाईक काय मागते आणि वाढपी काय आणून ठेवतो हे पाहत राहावे, म्हणजे हळूहळू भाषा उलगडते.

याहूनही हृद्य भाग पुढचा आहे. तो प्रोग्रॅम लिहून बाजूला ठेवल्यावर दोनएक वर्षांनी पत्नीचा विंडोज संगणक आणि आपला लिनक्स संगणक घरी जोडण्याची गरज त्यांना पडली. हाताशी होता तोच जुना प्रोग्रॅम त्यांनी लावून पाहिला, आणि तो चालला. त्यातून पुढे वाढलेल्या कामाचे पहिले नाव दुसऱ्या एका कंपनीच्या नोंदलेल्या नावाशी जुळते अशी सूचना आल्यावर, एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने असलेले शब्द त्यांनी संगणकातील शब्दसूचीत शोधले, आणि निघालेल्या मोजक्या शब्दांतून ‘सांबा’ निवडला. विंडोज बनवणाऱ्या कंपनीविरुद्धच्या युरोपीय आयोगाच्या २००४ च्या निर्णयानंतर आणि २००७ च्या न्यायालयीन निकालानंतर, त्याच वर्षीच्या डिसेंबरात, या नियमांचे अधिकृत कागद १०,००० युरो भरून सांबाच्या मंडळींना मिळाले. तोवर जवळजवळ सोळा वर्षे त्यांचा मुख्य आधार लक्षपूर्वक ऐकणे हाच होता.

चौथा टप्पा ओळखीचा. घरचा लॅपटॉप चार आकड्यांच्या पिनने उघडत असला तरी ती पिन त्याच लॅपटॉपपुरती असते. दुसरे यंत्र विचारते तो पासवर्ड, आणि तोही पलीकडच्या यंत्रात नोंदलेल्या नावाचा. पलीकडे विंडोज संगणक असून तेथील खात्याला पासवर्डच नसेल, तर नेटवर्कवरून ते खाते स्वीकारले जात नाही. जुना पासवर्ड ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ मध्ये साठून राहिला असेल, तर संगणक निमूटपणे तोच पुढे करतो. तो तेथून पुसावा. पुष्कळ जुन्या डिस्का तर पासवर्डाशिवाय कोणालाही ‘पाहुणा’ म्हणून आत घेत. २०२४ साली आलेल्या विंडोज ११ च्या २४ एच २ या आवृत्तीची प्रो प्रत ही वहिवाट मानत नाही, आणि त्यामागे सबळ कारण आहे. मराठेशाहीतील पत्रांत मजकूर जेथे संपे तेथे मोर्तबाचा लहान शिक्का उमटवीत, जेणेकरून पुढे कोणी परस्पर ओळ वाढवू नये. त्याचप्रमाणे ही आवृत्ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक संदेशावर स्वाक्षरी मागते. ती स्वाक्षरी करण्याची किल्ली पासवर्डाच्या रुजुवातीतून निर्माण होते, आणि ज्याला पासवर्डच नाही त्या पाहुण्यापाशी किल्लीही नसते.

पाचवी मुभा. विंडोजमध्ये शेअरची परवानगी वेगळी आणि डिस्कवरील फोल्डरची वेगळी असते, आणि दोहोंत मतभेद झाला तर जी कडक असेल ती चालते. दारावरच्या माणसाने सोडले, तरी रुमाल सांभाळणारा अडवू शकतो.

या क्रमाने पाहावे असे मी वाचक भगिनींना कळवले आणि प्रत्येक पावलाला संगणकाचे उत्तर लिहून ठेवण्याची विनंती केली. लॅपटॉप खरोखरच पाहुण्यांच्या वायफायवर होता. तो घरच्या नावावर आणताच ‘मार्ग सापडला नाही’ हे उत्तर गेले आणि शेअर जुनी, असुरक्षित बोली मागतो अशी सूचना आली. डिस्कच्या सेटिंगमध्ये बोलीची कमाल मर्यादा पहिलीवरून तिसरीवर नेली, तेव्हा संगणकाने पासवर्ड विचारला. तो दिल्यावर एका फोल्डरपुरता ‘प्रवेश नाकारला’ असा शेरा आला. त्यांनी लिहिले होते, की हा शेरा पाहून धीर सुटला. मी उलट कळवले, की आपला अर्ज शेवटच्या मेजावर पोहोचल्याची ही पावती आहे, कारण वाट, नाव, लिपी आणि ओळख मान्य झाल्याखेरीज प्रवेश नाकारण्याचा प्रश्नच येत नाही. त्या फोल्डरवर त्यांच्या नावाची मुभा नोंदवली आणि छायाचित्रे उघडली.

ती लगेच दुसऱ्या एका डिस्कवर उतरवून घ्यावीत असे मी सुचवले आहे, कारण बारा वर्षे चाललेल्या यंत्रावर एकच प्रत ठेवणे योग्य नव्हे. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले आहे, की सेटिंगच्या त्या पानावर खाली बारीक अक्षरांत ‘सांबा’ असे लिहिलेले आहे ते काय? कॅनबेरातील एका घरात नवराबायकोचे दोन संगणक ज्याने जोडले, त्याचेच ते नाव आहे.