सेंद्रिय तूर, घाटेअळी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

सेंद्रिय तूर पिकवणाऱ्या शेतकऱ्याला भावापेक्षा घाटेअळीची धास्ती अधिक असते. रासायनिक शेती करणारा अळी वाढल्यावरही जहाल औषध फवारू शकतो. सेंद्रिय शेतकऱ्याला ती वाट बंद आहे. त्याच्याजवळ निंबोळी अर्क आणि अळीला रोग लावणारे एचएनपीव्ही हे विषाणूजन्य औषध असते. ही दोन्ही लहान अळीवरच चांगली लागू पडतात. म्हणून चार दिवस उशीर झाला तरी पीक हातचे जाऊ शकते. कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग नेमका येथे आहे.

संगणकाला किडींची हजारो छायाचित्रे दाखवली की तो नव्या छायाचित्रातील कीड ओळखू लागतो. मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेने कापसाच्या बोंडअळीसाठी अशी सोय केली आहे. कामगंध सापळ्यातील पतंगांचे छायाचित्र काढले की फोन ते मोजतो आणि फवारणीची गरज आहे की नाही ते सांगतो. केंद्र सरकारनेही ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय कीड निगराणी प्रणाली सुरू केली; तीत छायाचित्रावरून किडीचा सल्ला मिळतो. तुरीत सापळ्यात सलग दोन-तीन दिवस ८ ते १० पतंग आढळले, तर उपाय सुरू करावा, असा कृषी तज्ज्ञांचा सल्ला आहे. ही मोजणी हातानेही करता येते.

मात्र एक सावधगिरी आम्ही आवर्जून सुचवू. फोनवरचा सल्ला सर्वच शेतकऱ्यांसाठी असतो. त्यात रासायनिक औषधाचे नावही येऊ शकते. हंगामी पिकाची जमीन सेंद्रिय ठरण्यास साधारण २ वर्षे आणि फळबागेस ३ वर्षे लागतात. एका चुकीच्या फवारणीने ही सारी मेहनत वाया जाऊ शकते. तेव्हा कीड कोणती ते फोनला विचारावे. औषध मात्र प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या परवानगीनेच निवडावे. छायाचित्र, तारीख आणि फवारणी यांची वहीत नोंद ठेवावी. तपासणीच्या वेळी हीच नोंद कामी येते.

डाळीचा व्यापार करणाऱ्या आमच्या बांधवांनीही लक्षात ठेवावे की, नुसत्या छायाचित्रावरून डाळ सेंद्रिय आहे की नाही हे फोन सांगू शकत नाही. खरेदीच्या वेळी प्रमाणपत्र मागावे, पाकिटावर सेंद्रिय मालाची अधिकृत खूण पाहावी आणि शंका आल्यास प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. पतंग मोजण्याचे काम यंत्र करील, पण गिऱ्हाइकाचा विश्वास शेतकरी आणि दुकानदार यांनाच सांभाळावा लागेल.