रागाला वादपत्र म्हणत नाहीत

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण पायरी चढल्यावर ज्याच्या भरवशावर राहिलो त्या वकिलानेच हयगय केली तर काय करावे, हे म्हण सांगत नाही. अपिलाची मुदत टळते, तारखेला कोणी उभे राहत नाही आणि राहते घर हातचे जाते. मग माणूस चवताळून म्हणतो, 'आता वकिलावरच दावा लावतो!'

लावता येतो का? येतो. केवळ वकील आहे म्हणून निष्काळजीपणाच्या दाव्यातून सुटका नाही, असे 1926 च्या वकील-फीविषयक कायद्यानेच सांगून ठेवले. 14 मे 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही असे ठरवले. ग्राहक आयोगाची वाट बंद झाली, दिवाणी कोर्टाची उघडी राहिली. तिथे पहिली परीक्षा असते ती कागदाची.

इंग्लंडातला रोंडेल विरुद्ध वर्स्ली हा खटला यासाठी वाचण्यासारखा आहे. 1959 साली रोंडेलला गंभीर दुखापतीबद्दल 18 महिन्यांची शिक्षा झाली. वर्स्ली या बॅरिस्टरने 2 पौंड 4 शिलिंग 6 पेन्स फीवर त्याचा बचाव केला होता. 1965 मध्ये रोंडेलने त्याच्यावरच दावा लावला. तक्रार काय, तर आपण चाकू वापरला नव्हता, जखमा हातांनी आणि दातांनी केल्या, हे वकिलाने पुढे आणले नाही! आता चाकू असो की दात, समोरच्याच्या कानाची पाळी तुटलीच होती. ते पुढे आणून निकाल बदलला असता का? दावा साक्षीपुराव्यापर्यंत न पोचताच खोडला गेला. कोर्टातल्या कामाबद्दल बॅरिस्टरवर दावा चालणार नाही, असे 1967 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने म्हटले. हे कवच त्याच सभागृहाने 2000 साली काढून घेतले. कवच गेले, पण नीट मांडलेल्या कागदाची अट राहिलीच.

आपल्याकडेही तीच रीत आहे. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार वादपत्रात महत्त्वाच्या घटना थोडक्यात लिहायच्या असतात. निरर्थक वा बदनामीकारक मजकूर न्यायाधीश खोडू शकतात. दाव्याला कारणच दिसत नसेल तर सबंध वादपत्र नामंजूर होते. नव्याने दाखल करता येते, पण मुदत शिल्लक असेल तरच.

मी बँकेत अधिकारी होतो. 'कर्जदार बेभरवशाचा' असा शेरा कुणी फाइलवर मारला की वरिष्ठ विचारीत, 'कोणता हप्ता? कोणत्या तारखेचा? किती रुपयांचा?' कादंबरीत मी विशेषणांवर पाने भरली. वादपत्रात ती चालत नाहीत. 'वकिलाने माझे वाटोळे केले' हा राग झाला. काम कधी सोपवले, वकिलाने काय करायला हवे होते, काय केले नाही, ते केले असते तर मूळ खटला जिंकण्याजोगा होता का आणि त्यापायी नुकसान किती झाले, हे लिहिले तर तो दावा. यातला मूळ खटल्याचा प्रश्न सर्वांत अवघड, कारण हरलेला खटला नव्या खटल्याच्या पोटात पुन्हा लढावा लागतो.

ज्याचे घर गेले त्याच्या तोंडावर कच्च्या कागदापायी दार बंद व्हावे, हे मला क्रूर वाटते. पण वकिलाचीही अब्रू असते. ती 'हलगर्जी' या एका शब्दावर टांगता येत नाही.

म्हणून वाचकहो, वकीलपत्राची प्रत, फीची पावती, दिलेल्या कागदांची यादी आणि तारखांची वही घरी ठेवा. वकिलावर अविश्वास म्हणून नव्हे. दूधवाल्यावर विश्वास असूनही आपण कॅलेंडरवर खुणा करतोच की!