कॉप्टिक वस्त्रांवरची अक्षरे

इजिप्तमधील ख्रिस्ती कॉप्ट समाजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या वस्त्रांवरची अक्षरे अनेकदा चित्रांबरोबर मागावरच विणलेली असतात. ही कापडे साधारण तिसऱ्या ते बाराव्या शतकातली. कापड सहसा बिनरंगाच्या लिननचे, नक्षी रंगीत लोकरीची. पैठणीच्या पदराप्रमाणे इथेही प्रत्येक रंगाचा बाणा आपल्या हद्दीपुरताच जाऊन मागे फिरतो. त्यामुळे गोलाईचे अक्षर पायऱ्यापायऱ्यांनी चढते. बारीक रेघ हवी असली, तर विणकर लिननचा सुटा धागा नक्षीवरून फिरवत नेतो.

वॉशिंग्टनच्या डंबार्टन ओक्स संग्रहालयात सहाव्या शतकातला एक लोकरी पट आहे. त्यावर गृहदेवता हेस्तिया बसली आहे आणि ती समृद्धीने भरलेली असल्याचे तिच्या डोक्याशी ग्रीकमध्ये लिहिले आहे. बाजूच्या सहा बालकांच्या हातांत चकत्या आहेत. त्यांवर एकेक शब्द: धन, आनंद, स्तुती, मेजवानी, सद्गुण, प्रगती. देवी घराला काय काय देते आहे, हे या शब्दांवाचून कळले नसते. क्लीव्हलंडच्या संग्रहालयातला येशूची आई मेरी हिचा पटही त्याच शतकातला. सुमारे १७८ सेंटिमीटर उंचीच्या या पटावर मेरी, देवदूत मिखाएल व गाब्रिएल आणि काठावरचे प्रेषित यांची नावे ग्रीकमध्येच विणली आहेत. देव बदलला, तरी नाव विणण्याची रीत तीच राहिली. या कलेतले हे सर्वांत बोलके उदाहरण म्हणावे लागेल.

अरबांनी ६४१ च्या सुमारास इजिप्त जिंकल्यावर विणकर तेच राहिले, लिपी हळूहळू बदलली. नाईलच्या मुखाजवळच्या तिन्नीस, दमिएत्ता या गावांतले कॉप्ट कारागीर आता ‘तिराझ’ विणू लागले. हे अरबी लेखांचे पट्टे. त्यांत अल्लाचे नाव, खलिफासाठी आशीर्वाद, बऱ्याचदा वजिराचे नाव, कारखान्याचे गाव आणि हिजरी सालही असे. असे वस्त्र खलिफाकडून मिळणे हा दरबारी मान होता.

अभ्यासकांना हे साल फार मोलाचे वाटते, कारण आधीच्या कापडांवर तारीख जवळजवळ नसतेच. त्यातच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अखमीम, अँटिनोई इथल्या कबरी उकरणाऱ्यांनी नक्षीचे तुकडे कापून घेतले आणि साधे कापड टाकून दिले. कोणता लेख कोणत्या अंगरख्यावर होता, ही माहिती त्याबरोबर कायमची गेली. हे नुकसान भरून येणारे नाही.

पुढे इजिप्तवरच्या फातिमी खलिफांच्या काळात, विशेषतः त्याच्या उत्तरार्धात, काही तिराझ पट्ट्यांवर एकच आशीर्वाद पुन्हा पुन्हा येतो, तर काहींवर नुसती अरबीसारखी दिसणारी, वाचता न येणारी अक्षरे उरतात.